वांगेसटीचे रोडगे

रोडग्यांसाठी गोवऱ्या हव्यात त्या दिवाळीनंतर थापलेल्या. पावसाळ्यात गुरं हिरव्यावर असतात, शेण पातळ पडतं. त्याची गोवरी वरून वाळली तरी पोटात ओल धरून बसते आणि पेटवली की नुसता धूर सोडते. कार्तिकात गुरं कडब्यावर येतात, शेण घट्ट होतं, ऊन कोरडं होतं. त्या दिवसांत थापलेली गोवरी हाताला हलकी लागते आणि मोडली की टक्कन मोडते. याहूनही सरस ती रानशेणी. शेतात पडून जागच्या जागी वाळलेलं शेण, त्याला कुणाचा हात लागलेला नसतो. मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, आजही गोवऱ्यांचा ढीग दिसला की वरची एक उचलून बोटानं वाजवून पाहते. "पावसातल्या गवऱ्यांनं नुसते डोये झोंबते," ती म्हणते, "रोडगा काही शिजत नाही."

आमचं गाव शिवणगाव, नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला लागून. आज त्या साऱ्या भागाला मिहान म्हणतात. तिथे आता माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, एम्स आहे, आयआयएम आहे. मला लिहायचं आहे ते तिथल्या हिवाळ्याबद्दल, आणि त्या हिवाळ्यात भुईवर भाजल्या जाणाऱ्या अन्नाबद्दल. डिसेंबर लागला की हल्ली घराघरांत केकचं बोलणं निघतं, भाच्या-पुतण्या ओव्हन किती अंशांवर ठेवायचा ते एकमेकींना विचारतात. मला त्याचा आनंदच आहे. पण भाजून खाण्याचा सण आमच्याकडे फार जुना आहे. त्याची भट्टी दरवर्षी नव्यानं मांडावी लागे, आणि ती मांडायला अख्खं शिवार लागे.

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी म्हणजे चंपाषष्ठी; बायांच्या तोंडी वांगेसट. चातुर्मासात वांगं वर्ज्य असतं, ते या दिवशी सुटतं. खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य दाखवायचा, तळी उचलायची, भंडारा उधळायचा, आणि मग पंगत. एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीण भवानीला नवस बोलते तोही रोडग्याचाच. म्हणजे सोळाव्या शतकातल्या पैठणलाही हा पदार्थ देवाला कबूल करण्याइतका मोलाचा होता. वांगेसटीला एकदा आर पेटली की पुढे माघापर्यंत निमित्तांना तोटा नसे. नवस फिटला, मारुतीचा स्वयंपाक ठरला, तूर खळ्यावर आली, मुंबईहून कुणी आलं, की लगेच रोडगे.

मोठी आईच्या हातचा रोडगा असा. गहू जाडा, रवाळ दळून आणायचा. दळतानाच त्यात मूठभर तुरीची डाळ नाहीतर मका टाकायचा. जिरं, ओवा, हळद, मीठ, आणि पीठ मुठीत धरलं तर मूठ टिकेल इतकं तेलाचं मोहन. पूर्वी हे तेल जवसाचं असे. कणीक घट्ट मळायची. मग लहान लहान पाऱ्या करायच्या, पुरीहून जाड, आणि एकीला तेलाचं बोट लावून तिच्यावर दुसरी ठेवायची. चार-पाच पाऱ्यांची चळत झाली की वरून एक मोठी पारी ओढून तोंड मिटवायचं आणि तळव्यांत फिरवून गोल करायचं. बाहेरून पाहणाऱ्याला तो साधा कणकेचा गोळा दिसतो. पण नुसताच गोळा वळून आरेत टाकला तर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. थर असले की तेल त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही, आतली वाफ त्या फटींतून फिरते आणि मधल्या पारीपर्यंत आच पोचते. हे शास्त्र कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण शिवणगावच्या प्रत्येक बाईच्या हातात ते होतं.

गोवऱ्या उभ्या रचून पेटवायच्या आणि जाळ पूर्ण बसू द्यायचा. जाळ असताना रोडगा ठेवायचा नाही, यावरून घरात दरवर्षी पुरुषांना बोलणी बसत, कारण भुकेनं उतावळे होणारे तेच. लाल आर पडली की तिच्यावर रोडगे मांडायचे आणि चिमट्यानं फिरवत राहायचं. सगळ्या अंगानं डाग पडले की आर बाजूला सारून खालच्या गरम राखेत ते पुरायचे आणि आर पुन्हा वर ओढायची. राख उष्णता धरून ठेवते आणि जाळूही देत नाही. तासाभरानं ते उकरून काढायचे, स्वच्छ पोत्यात घालायचे, दोघांनी पोत्याची दोन टोकं धरायची आणि हलवायचं. राख झडते, रोडगे एकमेकांवर आपटून चकचकीत होतात. मुठीनं एक फोडला की भस्सकन वाफ येते, पाऱ्या सुट्या होतात, त्यांच्यात तूप जिरतं. सोबत भिवापुरी मिरचीचा लाल रस्सा असलेली काटेरी वांग्यांची भाजी आणि चिंच-गुळाचं आंबट वरण. पानात दुसरं काही लागत नाही.

राजस्थानातली बाटी, बिहारमधली लिट्टी ही याचीच भावंडं. तिन्ही गोवऱ्यांच्या आरेत भाजली जातात, तिन्ही रानात, गुरांमागे, भांड्यांशिवाय करता येतात. पळसाच्या पानांमध्ये कणीक थापून त्याच आरेत भाजलेले पानगेही आमच्याकडे होत. पानाच्या शिरा कणकेवर उमटत आणि पान जळताना येणारा वास पानग्यात उतरे. भुईवर नाही, पण उपड्या माठावर भाजली जाणारी नागपूरची लांब रोटीही याच घराण्यातली. मैद्याचा सैल ओघळ हातांवर तोलत ती मोठी करायची आणि तापल्या माठावर टाकायची. आमच्या घरी ते कसब फक्त आजीपाशी होतं.

आजीच्या गोष्टींत गहू हे सणाचं धान्य. रोज ज्वारीची भाकर, सोबत जवसाची चटणी किंवा वरण. गहू पिकायचा तो पावसाच्या उरलेल्या ओलीवर, काळ्या मातीत, विहिरीच्या पाण्याशिवाय. तो बन्सी गहू. दाणा लांब, कडक, पिवळसर. दळला की पीठ न होता रवाच जास्त निघे. पोळीला तो अवघड, रोडग्याला मात्र नेमका. आजी बन्सीचं पोतं कोठीत वेगळं ठेवी आणि वांगेसटीच्या आधी कुणाला हात लावू देत नसे. साठच्या दशकात पीएल-480 खाली अमेरिकेचा लाल गहू रेशनवर आला तेव्हा त्या गव्हाचेही रोडगे करून पाहिले गेले. आजी सांगे, कणीक ताणायची, थर सुटायचेच नाहीत, पण त्या वर्षी तोच गहू होता, तेव्हा देवालाही तोच दाखवला.

हिवाळ्याच्या रात्रींच्या तिच्या आठवणींत विमानं फार. सोनेगावची धावपट्टी पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, 1917-18 मध्ये, तयार झाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलानं ती पुन्हा वापरात घेतली. आजी लग्न होऊन शिवणगावात आली त्याच सुमाराला. विमान आलं की गुरं दावं तोडायची, असं ती सांगे. पण तिच्या जिव्हाळ्याचं विमान होतं टपालाचं. जानेवारी 1949 पासून 1973 पर्यंत रात्रीची हवाई टपालसेवा नागपुरातून चाले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांची विमानं रात्री सोनेगावला उतरत, एकमेकांच्या थैल्या घेत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत जात. नागपूर देशाच्या मध्यावर म्हणून ही व्यवस्था. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात मिळे, ते आमच्या शिवाराला लागून हात बदलून.

आमच्या घरी घड्याळ नव्हतं, टपालाची विमानं होती. रानात रोडग्यांची रात्र असली की जेवणं उशिरापर्यंत चालत, मग शेकोटीभोवती गप्पा. डाकोटा विमानांची घरघर एकेका दिशेनं येऊ लागली की आजी म्हणे, "टपाल आलं, आता उठा." मुलांना वाकळीत गुंडाळून घरी न्यायचं ते तेव्हा. थैल्या बदलून विमानं पुन्हा उडू लागली की तिची जात्यावर बसायची वेळ. उजाडायला अजून अवकाश असे, पण टपाल गेल्यावर अंथरुणात राहायचं नाही असा तिचा दंडक होता.

1953 च्या 12 डिसेंबरला मद्रासकडे निघालेलं टपालाचं विमान उड्डाण केल्याबरोबर कोसळलं. 13 माणसं गेली, पायलट तेवढा वाचला. आजी त्या रात्रीचं बोलताना आवाज खाली आणी. त्या पहाटे ती जात्याशी बसलेली होती. आभाळातला आवाज मधेच तुटला आणि मग भुईतून दुसरा आवाज आला, एवढंच ती सांगे. गावातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. मार्गशीर्षाचे दिवस, रोडग्यांचे. त्या वर्षी आमच्या घरी आर पेटली नाही. मेलेल्यांतलं आपलं कुणी नव्हतं, पण ते आपल्या शिवेवर गेले, असं तिचं म्हणणं. मला लहानपणी हे पुरेसं कळलं नव्हतं. आता कळतं की सुतकाची तिची हद्द नात्यावर नव्हे तर शिवारावर ठरत होती.

रोजचा हिवाळा मात्र साधा, कामाचा. पहाटे चुलीवर पाण्याचा गुंड चढे आणि पहिल्या आंघोळीचा मान शाळेत जाणाऱ्यांचा. चुलीपुढची जागा म्हाताऱ्यांची. दुपारी अंगणात ऊन धरून बाया तुरीच्या शेंगा सोलत. त्या हिरव्या सोल्यांची भाजी किंवा सोलेभात रात्री होई. शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून पाटीभर ठेवल्या की येणारा-जाणारा मूठ भरून घेई. पौषात हुरडा. ज्वारीची कणसं गोवरीच्या आरेत भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची आणि फुंकर मारून कोवळे दाणे तोंडात टाकायचे. हरभरा भरला की डहाळेच्या डहाळे भाजायचे. संक्रांतीला तीळ, आणि गच्चीवर पतंगांमागे धावणारी पोट्टी. नागपूरकरांना "ओ काट" हा आवाज ऐकल्याशिवाय संक्रांत झाल्यासारखी वाटत नाही. या सगळ्यात एक गोष्ट लक्षात येते. हिवाळ्यातलं आमचं निम्मं खाणं थेट आरेत भाजलेलं असे, आणि ती आर कधी घराच्या आत नसे. ती अंगणात किंवा रानात असे, म्हणून तिच्याभोवती घरच्यांपेक्षा जास्त माणसं असत.

केक आमच्या घरात आला तो अजनीहून. नागपूरला रेल्वे 1867 मध्ये पोचली. त्याच्या कितीतरी आधी, 1821 मध्ये, कामठीची छावणी वसली होती आणि गोऱ्या फौजेबरोबर पाव-बिस्किटांचीही सोय आली होती. सदरचं ऑल सेंट्स चर्च 1851 चं. पण हे सगळं शहराच्या उत्तरेला. आमच्या बाजूच्या खेड्यांना त्याचा वारा लागायला रेल्वेची नोकरी लागली. माझे आजोबा लाइनवर गँगमन होते. अजनीच्या रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहत. त्यांच्यातल्या एकाच्या घरून नाताळला गँगमधल्या प्रत्येकाला केकचा तुकडा मिळे. आजोबांनी पहिल्यांदा तो कागदात बांधून आणला तेव्हा आजीनं आधी विचारलं, यात अंडं असते का. असते म्हटल्यावर तिनं तो चुलीपासून लांब, ओसरीवर ठेवायला लावला आणि मुलांना तिथेच वाटून दिला. स्वतः खाल्ला नाही, पण वास घेतला, आणि तिला त्यात मनुका आणि जळलेली साखर ओळखू आली. "भाजलेलं आहे, तळलेलं नाही," ही तिची पहिली नोंद. घेतल्याची परतफेड झाली पाहिजे, म्हणून पुढच्या वांगेसटीला आजोबांच्या हाती बादलीभर रोडगे आणि वेगळ्या डब्यात भाजी गेली. ड्रायव्हरच्या बायकोनं ते आपल्या ओव्हनमध्ये गरम करून घेतले आणि नवऱ्याच्या डब्यात फुटप्लेटवर दिले. ही देवाणघेवाण ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला जाईपर्यंत चालली. स्वातंत्र्यानंतर अजनीची अशी बरीच घरं रिकामी झाली. आजी मात्र नंतरही नाताळ आला की सांगे, "साहेबाच्या घरी आता केक होऊन राहिला असन."

माझ्या आठवणीतलं भाजणं बेकरीचं. सत्तरीच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात सकाळी सायकलवर पत्र्याची पेटी बांधून टोस्ट-खारीवाला येई; डबलरोटी मात्र तापात दुधाबरोबर खायची वस्तू. दिवाळीच्या आधी आणि पुन्हा थंडीत घरून मैदा, साखर आणि डालडा घेऊन आम्ही शहरातल्या बेकरीत जात असू आणि नानखटाई, बिस्किटं करवून आणत असू. तिथे बायांची रांग लागलेली असे, प्रत्येकीजवळ आपला पिंप किंवा डबा. भट्टीवाला लांब दांड्याच्या फळीनं पत्रे आत सरकवी. आपला पत्रा कोणता, याचं भान ठेवायला बाया नानखटाईवर खूण करत. मोठी आई चारोळीऐवजी तीळ लावी. परत येताना डब्याचं झाकण गरम असे आणि बसमध्ये सगळे वळून पाहत. नानखटाईची गोष्ट सुरतेच्या डच वखारीतल्या भट्ट्यांपर्यंत मागे जाते असं नंतर वाचलं. मला त्यात गोड वाटतं ते हे, की परक्या भट्टीलाही आमच्या बायांनी अंगणातल्या आरेचाच नियम लावला. भट्टी एकाची, पीठ ज्याचं त्याचं, आणि भाजेपर्यंत गप्पा सगळ्यांच्या.

2002 साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि मिहानचं काम सुरू झालं. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही अशा गावांची जमीन त्यात गेली. सगळी मिळून चार हजार हेक्टरांहून अधिक. मालवाहतुकीचं केंद्र, नवी धावपट्टी, विशेष आर्थिक क्षेत्र अशी ती योजना होती. मोबदला, वाढीव मोबदला, भूखंड, नोकऱ्या यांवर बोलणाऱ्या बैठका आमच्या ओसरीवर वर्षानुवर्षं चालल्या. त्यांचा हिशोब मी इथे मांडणार नाही. तो मांडणारे लोक गावात आहेत आणि त्यांनी तो चांगला मांडला आहे. ज्याचा उतारा कुठल्याच कागदावर निघत नाही, ते मला सांगायचं आहे.

रोडगा एका साखळीनं होतो. ज्वारी पेरली तर कडबा, कडबा असेल तर गुरं, गुरं असतील तर शेण, कोरडं ऊन आणि थापायला जागा असेल तर गोवरी. बांधावर पळस असेल तर पान. विहिरीजवळ दोन वाफे असतील तर वांगी. आणि आर पडेपर्यंत बसून राहायला रिकामं रान. खरं सांगायचं तर साखळी मिहानच्या आधीच सैल झाली होती. ऐंशी-नव्वदच्या दशकांत विदर्भात सोयाबीन पसरलं, कापूस होताच, ज्वारी मागे सरली. ज्वारी गेली तसा हुरडा गेला, कडबा महागला, बैलांच्या जागी भाड्याचा ट्रॅक्टर आला. जमीन गेल्यावर उरलेले दुवे निखळले. मोठ्या बाबांनी शेवटची गाय पाहुण्यांकडे दिली. तिला दुसऱ्या गावी सोडून आल्यावर मोठी आईनं कोठ्याची जमीन नेहमीसारखी सारवली, वाळू दिली आणि मग कोठ्याला कडी लावली. भूसंपादनाच्या कागदात गाईचा रकाना नसतो. गोवऱ्यांचाही नसतो.

आता आम्ही चिचभुवनच्या बाजूला, पुनर्वसनाच्या भूखंडावर बांधलेल्या घरात राहतो. सिमेंटचं अंगण, वर गच्ची. 2019 पासून मेट्रो खापरीपर्यंत येते. त्याच्या आदल्या वर्षी, 2018 च्या 29 डिसेंबरला, नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला, इथल्या नोंदींतला सगळ्यात खालचा आकडा. हवामान खात्याची वेधशाळा सोनेगावलाच आहे, म्हणजे तो आकडा आमच्याच जुन्या शिवेवरचा. मोठी आईला तो सांगितला तेव्हा ती म्हणाली, "रानात असतो तर याहून कमी लागलं असतं, आर असते ना."

मिहानमध्ये एम्स आलं, 11 डिसेंबर 2022 ला त्याचं रीतसर उद्घाटन झालं, आणि आसपासच्या घरांच्या वरच्या खोल्यांत देशभरातल्या परिचारिका राहायला आल्या. आमच्या वरही एक मुलगी राहते, त्रिशूरची. पहिल्याच डिसेंबरात तिनं छोटा ओव्हन विकत आणला आणि नाताळचा केक करायला घेतला. मनुका, काजू, खजूर भिजत घालायला तिच्या घरी जे लागतं ते तिला इथे नको होतं, म्हणून तिनं संत्र्याचा रस वापरला. आंबिया बहाराची संत्री त्या दिवसांत बाजारात भरलेली असतात, त्यामुळे रसाला तोटा नव्हता. साखर तिनं कढईत जाळून काळी केली. तो वास जिन्यानं खाली आला आणि मोठी आई गुडघे धरत वर गेली. हिनं हा वास आधी घेतला होता, सासूच्या गोष्टीत.

त्या मुलीनं आम्हाला तिच्याकडची गोष्ट सांगितली. 1883 मध्ये थलश्शेरीत मंबल्ली बापू नावाच्या बेकरीवाल्याला एका इंग्रज मळेवाल्यानं विलायती केकचा तुकडा दाखवला आणि असा करून दे म्हणाला. बापूंनी तो केला, पण विलायती ब्रँडीऐवजी गावठी काजूच्या दारूवर. साहेबाला तो आवडला आणि तिथून केरळात नाताळचा केक घराघरांत गेला. मोठी आईनं हे लक्ष देऊन ऐकलं आणि मला म्हणाली, "जे आपल्या शिवारात आहे तेच टाकलं त्यानं. बरोबर केलं."

ओव्हन घरात आल्यावर रोडगे त्यातही करून झाले. दोनशे अंशांवर ठेवले, मधे एकदा फिरवले. रंग चांगला आला, आतपर्यंत शिजले, राख झाडायची गरज नाही. माझ्या भावाच्या मुलांना ते फार आवडले. मोठी आईनं एक फोडून पाहिला, पाऱ्या सुट्या झाल्या होत्या, ती समाधानानं मान हलवून म्हणाली, "शिजला. भाजला नाही." तिचं खरं आहे. गोवरीचा धूर कणकेला जे देतो ते विजेच्या काड्या देत नाहीत. आणि दुसरंही एक आहे. ओव्हनला वेळ लावून माणसं आपापल्या खोलीत जातात. आरेला सोडून कुणाला जाता येत नाही.

म्हणून वांगेसटीला आम्ही आता गच्चीवर आर पेटवतो. विटांचे दोन थर, त्यावर रुंद लोखंडी घमेलं, तळाला वाळू, वर गोवऱ्या. गोवऱ्या हिंगण्याच्या बाजूच्या एका गवळ्याकडून येतात आणि मोठी आईच्या बोटाखालून गेल्याशिवाय घमेल्यात पडत नाहीत. बन्सी गहू शोधावा लागतो. अलीकडे जुन्या वाणांची पुन्हा पेरणी करणारे काही शेतकरी आहेत, त्यांच्याकडून पोतं मिळतं. वांगी खापरीच्या रस्त्यावर. पळसाची पानं मिळत नाहीत, त्यामुळे पानगे सुटले ते सुटलेच. त्याची हळहळ मला दरवर्षी होते आणि मी ती लपवत नाही. शिवणगावची इकडे-तिकडे पांगलेली घरं त्या रात्री गच्चीवर येतात. पलीकडे धावपट्टीचे दिवे दिसतात. कुणीतरी बोट करून सांगतं, आमची विहीर त्या लाल दिव्याच्या अलीकडे. दुसरा म्हणतो, नाही, पलीकडे. यावर वाद होतो आणि तो मिटत नाही.

मुलांना पाऱ्या लाटायला बसवलं आहे. थोरली नातसून चळत रचते, धाकटा तेलाचं बोट लावतो. मोठी आई स्वतः आता फक्त शेवटची मोठी पारी ओढते आणि तोंड मिटवते. तेवढं ती कुणाला देत नाही.

गेल्या नाताळात वरच्या मुलीला चार दिवसांची रजा मिळाली. केरळ एक्सप्रेसचं तिकीट होतं. तिनं आम्हाला केक ठेवला आणि आईसाठी रोडगे मागितले. मोठी आईनं आदल्या रात्री मुद्दाम आर पेटवायला लावली, रोडगे जरा जास्त वेळ राखेत ठेवले, फोडू दिले नाहीत, तूप लावू दिलं नाही. पंच्यात बांधून देताना बजावलं, "तूप तिकडे लावजो, रस्त्यात वास धरते. गरम करतानी तव्यावर नोको, तुझ्या त्या पेटीत कर." मुलीनं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, आतमध्ये थर नक्की किती.

"पाच," मोठी आई म्हणाली. "चार झाले तरी चालते. तीन नोको, मधात कच्चा राहते."